शंभरातले दोन

केताल्वे,
मार्चचा शेवटचा आठवडा

प्रिय नोल्बेर्तो,

हे पत्र मास्तरीणबाई शुक्रवारच्या लाँचने कास्त्रोला नेतील आणि तिथे टपालात टाकतील. मागच्या खेपेला त्यांची पिशवी भिजली होती, म्हणून मी पाकीट पावाच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून देणार आहे. तरी धाकधूक आहेच. पत्ता बाहेरही लिहिलाय आणि आतही, म्हणजे पाकीट फाटलं तरी निदान कागद तुझ्यापर्यंत पोचेल. फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. इथे फोनला रेंज फक्त दफनभूमीच्या टेकाडावर मिळते, आणि तिथे तुझी वहिनी ओतिलिया शेजारी असताना मला तुझ्याशी भांडता येत नाही. शिवाय फोनवर तू लगेच समजावायला लागतोस. तू समजावायला लागलास की मी गप्प बसतो, आणि मी गप्प बसलो की तुला वाटतं दादाला पटलं. त्यापेक्षा कागद बरा. तो मधे बोलत नाही.

तुझा खोकला कसा आहे? सांतियागोची हवा तुला कधीच मानवली नाही. झोपताना छातीला लोकरीचं काहीतरी असू दे. ओतिलियाने विणलेली करडी बंडी अजून असेल तर तीच घाल. नसेल तर मला सांगू नकोस. इथे बटाटे काढून झाले. पीक बरं आलं, पण माझ्या पाठीने या वर्षी हात टेकले. गुमेर्सिंदा म्हणते, “दाजी, तुम्ही आपले बसून राहा. तुम्ही वाकलात की मला डॉक्टरची लाँच दिसायला लागते.” तिची जीभ तुला ठाऊक आहे. ती ओतिलियाची धाकटी बहीण खरी, पण दोघींच्या वाटणीचं बोलणं देवाने तिला एकटीलाच दिलं. सप्टेंबरपासून मी तिच्याच घरी आहे. आतल्या खोलीत ती आणि तिची नात यानारा झोपतात. यानाराची आई पुएर्तो माँतला सॅमनच्या कारखान्यात आहे, सणावारी येते. मी समुद्राकडच्या खोलीत असतो. खोली चांगली आहे, फक्त दार अडकतं. मी रंधा मारला, आठवडाभर नीट चाललं, मग पुन्हा अडकायला लागलं. पुन्हा रंधा मारला. ओल्या हवेने लाकूड फुगतं हे मलाही कळतं रे, पण हा उन्हाळा सगळा कोरडा गेला. आणि यानाराचा चेंडू. तो जमिनीवर कुठेही ठेवला तरी घरंगळत माझ्या पलंगाखाली येतो. तिला वाटतं, चेंडूला मी आवडतो.

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढे वडिलांना होडीवर एक माणूस हवा होता आणि तुला कास्त्रोच्या वसतिगृहात जायचं होतं, म्हणून मी होडीवर गेलो. हे मी उगाळत बसत नाही. उगाळलं असतं तर ओतिलियाने मला केव्हाच घराबाहेर काढलं असतं. तुझा तिला माझ्याहून जास्त अभिमान होता. तू सुट्टीला यायचास तेव्हा ती धुरी दिलेल्या शिंपल्यांची माळ खास तुझ्यासाठी राखून ठेवायची, माझ्या तोंडाला लागू द्यायची नाही. तुझी पत्रं मी तिला वाचून दाखवायचो. आधी तू सॅमनच्या अंगावरच्या उवांचा हिशोब करत होतास. मग उत्तरेच्या वाळवंटातल्या तापाचा. मग जंगलाच्या वणव्यांचा. मला कोडं पडायचं. उवांचा डॉक्टर वेगळा, तापाचा वेगळा, वणवा विझवणारा आणखी वेगळा, आणि आमचा नोल्बेर्तो तिघांच्या घरी जाऊन एकच गणित मांडून येतो, हे कसं? मला भीती वाटायची की कधीतरी लोक तुला पकडतील.

एका वर्षी सुट्टीत जेवताना तू टेबलावर ते समजावून सांगितलंस. म्हणालास, “दादा, गोष्ट वेगळी असते, चाल एकच असते. आधी हळू वाढायचं, मग भराभर, मग जागा संपली की थांबायचं. तळ्यातले मासे असोत, शहरातला ताप असो, की गावातली चहाडी.” ओतिलिया शेगडीपाशी उभी होती. ती वळूनही न बघता म्हणाली, “मग माझ्या पावाचं पीठही तुझ्याच गणिताने फुगतं की! आणि मी वेडी यीस्टचे आभार मानते.” तू इतका हसलास की ठसका लागला. पुढे तू लिहिलंस की वहिनीचं पीठ आता प्रत्येक वर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगतोस. ते वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावलं, आणि मग शेजारच्या बेलार्मिनोच्या बायकोला बोलावून आणखी एकदा. “विद्यापीठात माझं पीठ शिकवतात,” असं ती लाँचवर अनोळखी माणसांनाही सांगायची. आता त्या तासाला तू काय सांगतोस?

मग तू आपल्याच किनाऱ्याचा हिशोब हाती घेतलास. बरोबर तरुण पोरं-पोरी, पेट्या, तारा. आमच्या घरामागे समुद्राकडच्या कड्यावर तुम्ही खुंट्या ठोकल्या. पावसाचे जुने आकडे, विमानातून काढलेले फोटो, भरतीची मापं, सगळं गोळा केलंत. तू आलास तेव्हा मी घर हलवायचं ठरवून बसलो होतो, हे तू विसरला असशील, मी नाही विसरलो. कड्याची माती मला आवडत नव्हती. त्यामागे काही ज्ञान वगैरे नव्हतं. मला सगळ्याचीच भीती वाटते, तुला माहीत आहे. शेगडीच्या धुराड्याची वाटते, लाँचच्या इंजिनाची वाटते. शंभर भीत्यांतली ती एक. पण त्या एका वेळी मी उठलो आणि विनवणीला निघालो.

तू लहानपणी इथून गेलास, विनवणी तू फक्त पाहिलीस, स्वतः कधी केली नाहीस. स्वच्छ सदरा घालून एकेका घरी जायचं. टोपी हातात. आत बसायचं, देतील तो मातेचा कडू चहा प्यायचा, पिकापाण्याचं बोलायचं, आणि मग उठून उभं राहून म्हणायचं की मला अख्खं लाकडी घर ओढून दुसऱ्या जागी न्यायचंय, तुमचे बैल आणि तुमचे हात द्याल का. समोरचा लगेच हो म्हणत नाही. तो बैलांच्या तक्रारी सांगतो. आपण ऐकून घ्यायच्या. मग तो हो म्हणतो. पैसे कुणी घेत नाही, पण त्या दिवशी त्या माणसाच्या दारात आपण उभे होतो हे दोघांनाही मरेपर्यंत लक्षात राहतं. मी असा सगळ्या वाडीत फिरलो. बेलार्मिनो म्हणाला, “रोसामेल, तू विनवणी करतोस की अंत्यविधीचं आमंत्रण देतोस? जरा हस की!” सगळ्यांनी हो म्हटलं. घराखाली घालायला ओंडके आणले. ओतिलियाने डुक्कर राखून ठेवलं, सफरचंदाची चिचा आंबवायला घातली.

आणि मग तुझी सभा झाली, चर्चशेजारच्या खोलीत. तुला लोकांना समजेल असं बोलायचं होतं, हे मला मान्य आहे. तुझी पोरं पडद्यावर रेघा दाखवत होती आणि लोक जांभया देत होते, तेव्हा तू म्हणालास, “रेघा राहू द्या. शंभर बटाट्यांचं पोतं समजा. त्यातले दोन कुजके. डोळे मिटून एक बटाटा काढायचा. या कड्यावरचं घर एका हिवाळ्यात जायची भीती तेवढी.” खोलीत हशा पिकला. बेलार्मिनो उभा राहिला. “शंभरात दोन? प्रोफेसर, ते पोतं कुठे मिळतं सांगा, मी बियाण्याला घेतो! माझ्यात वीस निघतात, तरी आम्ही सोलून खातो.” तूही हसलास. तुला वाटलं, लोक खूश झाले म्हणजे लोकांना कळलं. पन्नास वर्षं दुकानातले धुतलेले बटाटे खाऊन तू विसरला होतास की आपल्याकडे दोन कुजके असलेलं पोतं हे सगळ्यात चांगलं पोतं असतं. जगातलं दुसरं कुठलंही उदाहरण चाललं असतं. तू आपल्या बेटावर येऊन नेमका बटाटा घेतलास.

दुसऱ्या दिवशी मी तुला धक्क्यापर्यंत सोडायला आलो. तुझी पेटी मी उचलली होती, कारण तुझी कंबर. लाँच लागत होती. मी विचारलं, नोल्बेर्तो, मग हलवू का घर? तू म्हणालास, “दादा, शंभरात दोन.” मी म्हटलं, ते कळलं, पण हलवू का? तू म्हणालास, “तो निर्णय तुझा आहे. मी फक्त आकडा सांगू शकतो.” मी तिसऱ्यांदा विचारलं. हे घर तुझंही आहे, तू यात जन्मलास, तू सांग. तेवढ्यात लाँचवाल्याने हाक मारली आणि तू माझ्या खांद्यावर थाप मारून चढलास. नोल्बेर्तो, मी माझ्या भावाला विचारलं होतं. उत्तर आकड्याने दिलं.

घरी आलो तर लोक वाट बघत होते. कुणी वाईट बोललं नाही, ते आपले थट्टा करत होते. “काय रोसामेल, दोन बटाट्यांसाठी माझे बैल दमवतोस?” विनवणी मागे घेणं म्हणजे काय असतं, ते मी तुला सांगू शकत नाही. पुन्हा तीच दारं, पुन्हा टोपी हातात. चिचा वाटून टाकली. ओतिलिया म्हणाली, “जाऊ दे. नोल्बेर्तो म्हणतो तर असेल. पिठाचं त्याचं बरोबर होतं.”

ऑगस्टमध्ये, ऐन हिवाळ्यात, आठवडाभर पाऊस लागला होता. ती सकाळी धुरीच्या खोपीत शिंपले उलटायला गेली. खोप कड्याच्या बाजूला. जाताना म्हणाली, “शेगडीवरच्या दुधाकडे बघ.” मी बघत होतो. बाहेर दगडांची गाडी ओतल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं, या पावसात कोण गाडी आणतोय. दूध वर आलं होतं, ते उतरवलं आणि मग बाहेर गेलो. खोप नव्हती. खोपीखालची जमीन नव्हती. मागच्या दारापासून चार हातांवर समुद्र दिसत होता, आणि तुमची एक खुंटी, लाल फडकं बांधलेली, कडेला लोंबत होती.

तू आलास. त्याबद्दल तुला कुणी नावं ठेवत नाही. वादळात लाँच बंद होत्या, तरी तू नौदलाच्या बोटीवर हातापाया पडून जागा मिळवलीस हे मला नंतर कळलं. पण नऊ दिवसांच्या प्रार्थनेत तू मधेच उठून गेलास. गुमेर्सिंदाने खिडकीतून बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं. तू काळ्या सुटात, दफनाचे बूट घालून, त्या तुटलेल्या कड्यावर पावसात गुडघ्यांवर बसला होतास आणि टेपने मापं घेत होतास. आत बायका तिच्यासाठी माळ जपत होत्या आणि बाहेर तू तिच्या खड्ड्याची खोली मोजत होतास. गुमेर्सिंदा मोठ्याने म्हणाली, “ताईला मोजून झालं की आत या म्हणावं, सूप गार होतंय.” कुणी हसलं नाही. यानारा अजून तुला “टेपवाले आजोबा” म्हणते.

नंतर तुझं ते लांब पत्र आलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कठीण शब्द मास्तरीणबाईंना विचारले. तू लिहिलं होतंस की हिशोब चुकला नव्हता. शंभरात दोन म्हणजे कधीच नाही असं नव्हे, शंभर हिवाळ्यांत सरासरी दोनदा असं होणारच, आणि ते पहिल्या हिवाळ्यातही होऊ शकतं. मला ते समजलं. तिसरी शिकलेल्या माणसालाही समजेल इतकं सोपं लिहिलं होतंस. तू बरोबर होतास, नोल्बेर्तो. तेच मला सहन होत नाही. तू चुकला असतास तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, तू रडला असतास, आणि एखाद्या वर्षात आपण पुन्हा एका टेबलावर जेवलो असतो. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही.

डिसेंबरात मास्तरीणबाईंनी शाळेच्या संगणकावर तुझं भाषण दाखवलं. त्यांना वाटलं मला आनंद होईल. मोठं सभागृह, परदेशी माणसं. तू उवा सांगितल्यास, ताप सांगितलास, वणवा सांगितलास, मग किनारा. पडद्यावर एक वाकडी रेघ आली आणि तिच्याभोवती ठिपके. तू काठी एका ठिपक्यावर टेकवलीस, म्हणालास, “ही एक घटना,” आणि पुढच्या चित्राकडे गेलास. मी बाईंना ते मागे घ्यायला सांगितलं. तो ठिपका मी नीट बघितला. बाकीच्या ठिपक्यांएवढाच होता. आणि पीठ तू सांगितलं नाहीस. मी वाट बघत होतो.

जानेवारीत तुझी विद्यार्थिनी इव्होन आली. नगरपालिकेच्या लाँचमधून, एकटी, हातात रेघांचं भेंडोळं. बिचारी बोट लागून हिरवी पडली होती. त्याच खोलीत सभा झाली. तिने सांगितलं की ऑगस्टनंतर सगळं गणित पुन्हा मांडलंय. कडा पडला तेव्हा आतली माती कुठे आणि किती कापली गेली हे कुणीतरी लगेच, पाऊस चालू असतानाच मोजलं होतं. दोन दिवसांत समुद्राने ते सगळं पुसून टाकलं असतं. सगळ्या खुंट्यांनी मिळून जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं त्या मापांनी सांगितलं. मोजलं कुणी, ते ती बोलली नाही. पण खोलीतल्या सगळ्यांना ते काळे बूट आठवले. मग ती म्हणाली की पडलेल्या जागेच्या उत्तरेला कडा आता उघडा पडलाय, आणि तिथल्या एका घराला येत्या हिवाळ्यात भीती आहे. शंभरात तीस. घर कुणाचं, ते तिने हळूच सांगितलं.

पुन्हा हशा झाला, नोल्बेर्तो, पण या वेळी तो ऐकवत नव्हता. बेलार्मिनो म्हणाला, “पोरी, प्रोफेसर बारिआंच्या हातचं आम्ही एकदा जेवलोय. पोट अजून दुखतंय.” मागून कुणीतरी ओरडलं, “दोन म्हणाले तेव्हा बाई गेली, आता तीस म्हणतात म्हणजे काहीच होणार नाही!” आणि लोकांनी खरंच माना डोलावल्या. त्यांना ते पटलं. आकडा लहान होता तेव्हा पडला, मग मोठा आहे तेव्हा टिकेल. ती पोरगी रडकुंडीला आली. मला तिची दया आली आणि तुझा राग आला, कारण तिथे तिच्या जागी तू उभा असायला हवा होतास. सभा संपल्यावर मी तिला घरी नेऊन गरम सूप दिलं. ती म्हणाली, “सर या किनाऱ्याचं नाव निघालं की खोलीतून उठून जातात.” मग ती म्हणाली की वर्गातलं पिठाचं उदाहरण तू गेल्या वर्षापासून बंद केलंस. मी तिला आणखी एक वाडगं वाढलं.

तेव्हापासून मी विचार करतोय. माझा विचार म्हणजे काय, तीच काळजी उलटसुलट. तू त्या दिवशी गुडघ्यांवर बसून टेप धरली होतीस, ते मला माफ करता येत नाही. पण ते वाया घालवणंही मला जमत नाही. तिच्या जाण्यातून निघालेली ती एकच गोष्ट कामाची आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला अख्ख्या वाडीत कुणी तयार नाही.

मी प्रयत्न केला. गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर स्वच्छ सदरा घातला, टोपी हातात घेतली आणि जिच्या टेबलावर रोज जेवतो तिच्यासमोर पाहुण्यासारखा उभा राहिलो. गुमेर्सिंदा बटाटे किसत होती. मी म्हटलं, घर हलव, वर चर्चच्या कुरणात जागा आहे. ती म्हणाली, “बसा दाजी, सदरा मळेल.” मी बसलो नाही. मग तिने किसणी खाली ठेवली. “मी दारोदार जायचं. टोपी नाही तर शाल हातात घेऊन. आणि कुणाच्या शब्दावर? त्या टेपवाल्याच्या? त्याचा शब्द आहे तरी कुठे, दाजी? आकडा आहे. ताईला त्याने आकडा दिला. मला आकडा पाठवला, तोही उलट्या करणाऱ्या पोरीच्या हाती. त्याला म्हणावं, ये. माझ्या स्वयंपाकघरात बस, माझ्या तोंडाकडे बघ आणि सांग. मग बघू.” मी बेलार्मिनोकडेही गेलो. तो म्हणतो, गुमेर्सिंदाने विनवलं तर त्याचे बैल तयार आहेत, पण तिने विनवलं पाहिजे. म्हणजे सगळं तिथेच येऊन अडलंय.

म्हणून हे पत्र. ये. मे महिन्याचा पाऊस लागायच्या आत ये, एकदा जमीन भिजली की बैलांचे पाय रुततील आणि घर ओढता येणार नाही. विनवणी तुलाच करावी लागेल. आधी गुमेर्सिंदाकडे, मग तिच्यासोबत प्रत्येक दारात. मी तुझ्याबरोबर चालेन, पण बोलणार नाही. लोक तुला टोमणे मारतील, बैलांच्या तक्रारी सांगतील, सगळं ऐकून घे. समजावू नकोस. आणि हात जोडतो, या वेळी बटाटे नकोत. तीस कुजके म्हणालास तर ते म्हणतील सोलून खाऊ. शंभरातले दोन म्हणजे कोण होतं, ते त्यांना नाव घेऊन सांग. तिचं नाव तू तिच्या जाण्यानंतर एकदाही, पत्रातसुद्धा, लिहिलेलं नाहीस, मी बघितलंय. ते नाव घे आणि मग जे तू मला धक्क्यावर म्हणाला नाहीस ते म्हण. घर हलवा. एवढंच. चुकलास तर चुकलास. कड्यावरच्या रिकाम्या, शाबूत जागेवर उभं राहून सगळी वाडी तुला हसेल, आणि मी तुझ्या शेजारी उभा राहीन. मी तुला माफ केलं म्हणून बोलावतोय असं समजू नकोस. ते झालेलं नाही, आणि माझ्या वयात होईल की नाही सांगता येत नाही. येताना उंच रबरी बूट आण, ते काळे नको. रविवारी लाँच नसते. करडी बंडी घालून ये. आणि एक राहिलं. समुद्राकडची खोली यानाराची होती. इव्होन गेली त्याच संध्याकाळी मी ती मागून घेतली, सांगितलं की लाटांच्या आवाजाने मला झोप चांगली लागते. लाटांच्या आवाजाने मला कधीच झोप लागली नाही, तुला माहीत आहे. दाराला आता मी रंधा मारत नाही. ते उघडंच ठेवतो, मधे ओंडका लावून, कारण काल अडकलं तेव्हा ते मला आतून उघडता आलं नाही.

अजूनही तुझाच दादा,
रोसामेल